उजळणीचा पंधरवडा

२ जून, सोमवार
वै. दुकानात आली. आठ महिन्यांनी. पहिलं वाक्य : "संत्या, तुझं अक्षर अजून तसंच आहे ना?"
माणूस कसा आहे, नाय विचारलं. अक्षर कसं आहे.
गणिताची तीन पुस्तकं, सहावी-सातवी-आठवी, सुट्ट्यांची यादी आणि एक कोरी फाइल काउंटरवर ठेवली. वैशाली मॅडम म्हणायचं आता. देवगाव रंगारीच्या पलीकडं एका संस्थेच्या शाळेत लागून वर्ष झालं. शाळा उघडायच्या आत वर्षाचं नियोजन हेडसरांच्या टेबलावर पाहिजे. कोणत्या महिन्यात कोणता घटक, किती तासिका, सगळं.
अझहरभाईच्या या झेरॉक्सच्या दुकानात जून म्हणजे सुगी. क्रांती चौकाच्या मागची ही गल्ली मास्तर-मॅडमनी भरून जाते. छापील नियोजन तयारच असतं. वर शाळेचं नाव बदलायचं, स्पायरल मारायचं, पुढचा. गेल्या साली एकाच्या नवव्या पानावर दुसऱ्याच शाळेचं नाव राहिलं. सही-शिक्का होऊन वर्ष निघून गेलं, कुणाच्या ध्यानात आलं नाय.
"तुला छापील नाय देणार. हातानं लिहितो."
"वेळ आहे का तुला?"
वेळच आहे.
ती गेल्यावर अझहरभाई, "क्या मास्टर, गरम मशीन हो रही, लाल तुम कायकू हो रहे?"

४ जून, बुधवार
वै.ला फोन केला. कामाचाच. सातवीत पोरं किती? चौतीस. फळा कसा? मधून पांढरा पडलाय. गणिताचा तास कितवा? तिसरा, पोरं ताजी असतात.
मग म्हणाली, "आणि अकरा जण नोव्हेंबरात जातात."
"कुठं?"
"ऊसतोडीला. आईबापांसोबत. मार्चमध्ये येतात, तोवर बेरीज पण विसरलेली असते."
छापील तक्त्यात रकाने असे : महिना, घटक, तासिका, अध्ययन निष्पत्ती, शेरा. अकरा पोरं जातात यासाठी रकाना नाय. शेऱ्यातच लिहावं लागेल.
एकूण सोळा मिनिटं बोललो. आठवडाभरात एवढा वेळ कुणाशी बोललो नव्हतो. रूमपार्टनर पुण्याला गेल्यापासून खोलीत आवाज फक्त पंख्याचा.

६ जून, शुक्रवार
दिवस मोजले. रविवार वजा. सणवार वजा. सहल, स्नेहसंमेलन, चाचण्या, सत्र परीक्षा वजा. वर्ष म्हणतो आपण, पण शिकवायला हातात राहतं ते केवढंसं.
सहावी आणि आठवी उरकली. सातवीवर अडकलोय. मला सातवी आवडते. आठवीच्या पोराला आपण मोठे झालो असं वाटतं, सहावीतलं अजून रडतं. सातवीतलं मध्ये असतं, ते विचारतं.
सातवीवरच तर माझं सगळं झालं.

८ जून, रविवार
मेस बंद. केळी आणि चहा. लिहूनच टाकतो.
बी.एड.चं दुसरं वर्ष. सराव पाठ, सातवी, कोनांच्या जोड्या. मी दार अर्धं उघडून पोरांना कोन दाखवत होतो. पोरं दारापाशी गोळा झालेली, एक जण बिजागरी बघत होता. मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेले प्राध्यापक मध्येच उठले. "पाठ टाचणात दार कुठं लिहिलंय? जागेवर बसवा त्यांना." पोरांसमोर. मी टाचण फाडलं. चार तुकडे केले, टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "आता काहीच लिहिलेलं नाय, आता शिकवू?" माफीनामा मागितला कॉलेजनं. नाय दिला. कॉलेजच सोडलं.
वै. त्या दिवशी शेजारच्या बाकावर सहाध्यायी निरीक्षक होती. आम्ही एकमेकांच्या पाठावर शेरा लिहायचो. तिचा कागद तिनं बाहेर आल्यावर मला दिला. "पाठ छान. दार विशेष. शिक्षकाला राग आवरत नाही." अजून आहे माझ्याकडं.
माझ्या मनात काय आहे ते तिला माहितीय. मी बोललो नाय. दोन्ही खरं.

१० जून, मंगळवार
वै.चा मेसेज : "सातवीला १७ ते २९ नोव्हें. हलकं ठेव. नवीन घटक नको. उजळणी टाक."
तीन वेळा वाचला.
ऊसतोडीच्या टोळ्या हलतात तोच पंधरवडा! कुणाचा ट्रॅक्टर सोमवारी, कुणाचा गुरुवारी. तेव्हा नवीन घटक काढला तर जाणाऱ्याला अर्धाच कळणार, तो अर्धाच घेऊन जाणार. म्हणून उजळणी. कुणी सांगितलं नसताना विचार केला तिनं. आमच्या बॅचला असा विचार करणारी ती एकच होती.

१२ जून, गुरुवार
आज सगळं जुळलं. अवघड तेवढं दिवाळीच्या आत. पूर्णांक, कोन, परिमेय संख्या, घातांक. त्या पंधरवड्यात बारा तासिका, 'सोबतची वही'. प्रत्येक पोरानं स्वतःची चाळीस पानी वही करायची. डाव्या पानाला सोडवलेलं गणित, उजव्या पानाला तसंच एक न सोडवलेलं. जाणाऱ्यानं घेऊन जायची, उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत बसून रोज एक पान. मागं राहणाऱ्यांनी पण करायची, म्हणजे जाणाऱ्याला वेगळं काढल्यासारखं नाय.
पान सहा. काळ्या शाईनं लिहिलं, रकाने लाल. शेऱ्यात लिहिलं : टोळ्या जाण्याचा पंधरवडा.
अझहरभाईनं चष्मा वर करून पाहिलं. "प्लानिंग है के प्रेमपत्र?"
"सातवीचं गणित आहे, भाई."
"हौ, वहीच पूछा मैं."

१३ जून, शुक्रवार
दुपारी आली. फाइल चाळली, हसत होती. पान सहावर थांबली.
"हे काय?"
"तूच सांगितलंस ना. टोळ्या."
तिनं फाइल बंद केली. मग परत उघडली. "संत्या, तेवीस नोव्हेंबरला माझं लग्न आहे. रजा टाकायची म्हणून हलकं ठेव म्हटलं. कुणीही येऊन वर्ग सांभाळेल असं."
झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मी कागद मोजत होतो, चुकलो, परत मोजायला लागलो.
"मी त्या पोरांचा विचारच केला नव्हता," म्हणाली. हळू आवाजात. खोटं बोलायला येत नाय तिला, हाच तर त्रास आहे.
मुलगा कन्नडचा. घरच्यांनी बघितलेला. चांगला आहे म्हणाली. मी विचारलं नव्हतं.
मी म्हणालो, "पान सहावर एक चूक दिसतेय. दुरुस्त करून उद्या देतो."
"कुठली चूक?"
"दिसतेय मला."

१४ जून, शनिवार
दुकान उघडायच्या आधी बसलो. पान सहा नवीन लिहिलं. परिमेय संख्या उचलली ऑगस्टमधून आणि नेमकी १७ ते २९ नोव्हेंबरात ठेवली. बारा तासिका. ऑगस्टात भरतीला स्तंभालेख. बघू कोण सांभाळतं वर्ग. घे म्हणावं रजा.
जुनं पान फाडायला घेतलं. नाय फाडलं. या वहीत ठेवलं.
तिचा भाऊ येऊन फाइल घेऊन गेला.

१६ जून, सोमवार
आज शाळा उघडल्या. नियोजनाची एक झेरॉक्स माझ्यासाठी काढून ठेवली होती. भिंतीवर चिकटवली.
हेडसरांची सही झाली, असा मेसेज. "अक्षराचं कौतुक केलं त्यांनी." पान सहाचं काही नाय. तिनं बघितलं नसेल. का बघितलं?

९ जुलै, बुधवार
आज तिसऱ्या तासाला सातवीत पूर्णांकांचा गुणाकार. ऋण गुणिले ऋण धन का, हे कुणीतरी विचारणार. ती काय सांगेल? मी इथं ओळखपत्रांना लॅमिनेशन मारतोय आणि मनात उत्तर तयार करतोय.
कुणाच्या वर्षाचा एवढा पत्ता असू नये आपल्याला.

२१ ऑगस्ट, गुरुवार
चितेगावला गेलो. आई दादाकडं असते, दादा तिथल्या कंपनीत. आईनं थालीपीठ वाढलं आणि सुरू, "एक वरीस राह्यलंय नुसतं. माफी लिहून दी की बाबा. कागदच है, हात झडंल व्हय?"
दादा मोबाइलमधून मान वर न काढता, "त्याला माफी लिहायची नाय, दुसऱ्यांची टाचणं लिहायचीत."
भांडलो. थालीपीठ अर्धं टाकून उठलो. बसमध्ये भूक लागली. स्वतःचाच राग आला.

१४ सप्टेंबर, रविवार
भिंतीवरचा कागद रोज बघतो. पान सहा दिसतं. तिला अडवायला म्हणून घातलं. पण ती तर मांडवात असणार, तिला काय फरक. अकरा जण बाकावर असणार. परिमेय संख्येची सुरुवात ऐकतील आणि ट्रॅक्टरमध्ये बसतील. अर्धं घेऊन.
राग एकीवर, फटका भलत्यांनाच. हे मला जून महिन्यात कळायला पाहिजे होतं.
फोन लावून सांगावं वाटलं. काय सांगणार. मी तुझ्या लग्नावर गणित टाकलं म्हणून?

१४ ऑक्टोबर, मंगळवार
वै.चा फोन. दिवाळीची सुट्टी लागायच्या गडबडीत.
"हेडसर म्हणतात, उजळणी असती तर चित्रकलेच्या सरांनी पण वर्ग धरला असता. नवीन घटक आहे, गणिताचा माणूस आणा. तरच रजा."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"जूनमध्येच बघितलं होतं मी, संत्या. फाइल हातात आली तेव्हाच."
"मग बोलली का नाय?"
"तू बोललास का कधी काही?"
बसस्टँडवरून बोलत असावी, गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. मग म्हणाली, "तूच घातलंस ना? तूच शिकव. दोन आठवडे. हेडसरांना विचारलंय, डिग्री नसली तरी चालेल म्हणाले, मी येतच राहीन वर्गावर म्हणाले."
तिच्या लग्नाच्या वेळी तिच्या वर्गावर मी. असला जबाब कुणी दिला नव्हता मला आजवर.
विचार करून सांगतो म्हणालो. तोंडून "नाय" निघालं नाय, हेच लई.

३ नोव्हेंबर, सोमवार
अझहरभाईला सुट्टी मागितली. सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.
भाईनं कागद कापायच्या गिलोटिनचं पातं पुसलं. "देख मास्टर. शादी उसकी, बारात तेरी. जा. लेकिन इस बार कागज फाड्या, तो दुकान में नक्को आना."
वै.ला कळवलं : येतो. तिचा अंगठा आला. एवढंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळच्या बसनं देवगाव, तिथून पुढं दोन किलोमीटर चालत. तिसरा तास. फळा खरंच मधून पांढरा आहे. तिनं सांगितलं होतं तसाच, आणि तरी धक्का बसला. टेबलाच्या खणात तिच्या खडूच्या डबीवर बारीक अक्षरात 'वै.'.
चौतीसपैकी एकतीस हजर. तिघं शनिवारीच गेलेले.
परिमेय संख्या काढली. अर्धा लिहिला. "कशाचा अर्धा?" विचारलं. भाकरी, पेरू, सफरचंद. सफरचंद सगळ्या पुस्तकांत असतं, त्या गावात नसतं. मग मागून एक मुलगी, रेणुका, न उठताच, "कोयत्याचा."
"कोयता अर्धा कसा असंल?" मी विचारलं.
सगळा वर्ग हसला. मलाच.
"सर, नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम तसंच मोजतो. एकटा माणूस असला की अर्धा कोयता." बोटावर दाखवत होती. "आमच्यात आई-बाप एक, चुलता एकटाच है त्यो अर्धा. दीड कोयता."
फळ्यावर लिहिलं. तीन छेद दोन. मी आजवर एवढा चांगला दीड कुणाकडून शिकलो नव्हतो.
शेवटच्या बाकावरून एक जण, "सर, तुमचं लगीन झालंय का?"
"नाय."
"मंग तुम्ही अर्धा कोयता."
परत हशा. मीपण हसलो. तास संपेपर्यंत हसू टिकवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
रेणुकानं सुरुवातीलाच विचारलं, "सर, आमचा ट्रॅक्टर रविवारी है. हे सगळं तवर व्हईल का?"
नाय होणार. बारा तासिकांचं आहे. मीच मोजल्यात.
वहीतून जुनं पान सहा काढलं. नव्या पानाशेजारी टेबलावर ठेवलं. एकावर सही-शिक्का, एकावर नुसतं माझं अक्षर. पोरांना वह्या काढायला सांगितल्या. डावं पान, उजवं पान.
वीस मिनिटांनी हेडसर आले, मागच्या बाकावर बसले. मग उठले. "नियोजनात परिमेय संख्या आहे. हे काय चाललंय?" पोरांसमोर.
कान गरम झाले. हातातला खडू मोडला. तोच आवाज, तोच बाक, तीच सातवी. दोन्ही कागद माझ्या हाताखाली.
"सर, परिमेयच आहे. सोबत न्यायला करतोय. तास झाला की ऑफिसात येऊन सगळं सांगतो. आत्ता एक उदाहरण अर्धं राहिलंय."
ते परत बसले. तास संपेपर्यंत काहीतरी लिहीत होते.
ऑफिसात गेलो तर म्हणाले, "दोन्ही पानं तुमचीच का?" व्हय म्हटलं. "मग असा घोळ का घातला?" खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. "रागात लिहिलं सर," म्हणालो. चूक झाली असंही म्हणालो. लेखी मागितलं नव्हतं, म्हणून जमलं की काय कळत नाय.
"बी.एड. कधी पूर्ण करताय?"
बस चुकेल म्हणून निघालो. 

२० नोव्हेंबर, गुरुवार
आज पंचवीसच हजर. जाणाऱ्यांतले दोघंच उरले, रेणुका आणि तिचा मावसभाऊ. या आठवड्यात गेलेल्यांच्या वह्या पंधरा-सोळा पानांच्या झाल्या असतील, तेवढ्याच नेल्या. डावी पानं सोडवलेली, उजवी नुसती मांडलेली. तीच तर भरायचीत त्यांना तिकडं.
मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत वै.च्या लग्नाची पत्रिका फिरत होती. सगळे वर्गणी काढून काय द्यायचं यावर बोलत होते. कुकर का घड्याळ. मला विचारलं, "तुम्ही ओळखता ना मॅडमला? काय आवडतं त्यांना?"
दारानं कोन शिकवलेला आवडतो. हे नाय सांगितलं. "घड्याळ," म्हणालो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळची शाळा. रेणुकाचा शेवटचा दिवस. वही झपाट्यानं लिहीत होती, जीभ बाहेर काढून. घंटा झाली, पोरं पळाली. वर्ग झाडायला आलेल्या मावशींनी वही आणून दिली. "सर, त्या तोडणीवाल्या पोरीची राह्यली बाकाखाली."
घरी पळत गेलो तर दाराला कडी. आईबापांसोबत बाजाराला गेली म्हणे, वाटेच्या सामानाला. शेजारणीकडं ठेवायची होती. नाय ठेवली.
आता वही इथं खोलीवर आहे. बघितली. छत्तीस पानं झालीत. शेवटची चार कोरी. एकदा वाटलं मीच भरावीत. मग नुसती डावीकडची दोन भरली. माझं अक्षर तिच्या अक्षराशेजारी लई नटवं दिसतंय.
ट्रॅक्टर उद्या सकाळी नऊला, देवगावच्या चौकातून. मुकादम थांबत नाय म्हणे. पहिल्या बसनं निघालो तर आठला पोचतो.
लग्न साडेबाराला, इथंच शहरात. मागच्या आठवड्यात दुकानात येऊन पत्रिका हातात देताना जूनपासून पहिल्यांदा सरळ बघितलं होतं तिनं. "येशील ना?" वै. म्हणाली होती. मॅडमसारखं नाय, वै.सारखं.
कागद घेऊन मांडून पाहिलं. सवयच आहे. नऊला वही दिली, सव्वानऊची परतीची बस धरली तर अकरापर्यंत खोलीवर. अंघोळ, इस्त्रीचा शर्ट. साडेबाराला आरामात पोचतो.
दोन्ही बसतंय. एकाच रविवारात. दोन्ही बसू नये असं वाटत होतं, म्हणजे एकाचं तरी कारण दुसऱ्याला सांगता आलं असतं.
वही पिशवीत घातली. शर्ट अजून खुंटीवर आहे.
सोमवारी तिसरा तास. परिमेय संख्यांचा भागाकार. फळ्याला काळा रंग मिळतो का, हेडसरांना विचारायचंय.